सोलापुरी आडनावं, आधी भाषा ओळखा मग अर्थ शोधा

आडनावाचा अर्थ शोधायचा म्हटलं की आपण सरळ मराठी डिक्शनरी उघडतो, पण सोलापुरात तसं करून भागत नाही, इथं एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, मारवाडी आडनावं शेजारी शेजारी नांदतात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलेले आपले चार हुतात्मेच बघा ना, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन.

सगळ्यात जास्त घोळ शहराच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या आडनावांचा होतो. 1877 ला 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली, पुढं मिला वाढल्या, माग वाढले आणि तेलंगणातनं पद्मशाली विणकर इकडं येत राहिले. तेलुगूत घराण्याचं नाव, त्याला इंटिपेरू म्हणतात, ते माणसाच्या नावाच्या आधी येतं. इथं मराठी पद्धतीनं लिहिताना ते शेवटी गेलं, अर्थ मात्र तेलुगूच राहिला. गड्डम म्हणजे दाढी, सिद्धेश्वरच्या गड्ड्याशी, म्हणजे जत्रेशी, त्याचा काही संबंध नाही. कोंडा म्हणजे डोंगर (शाळेत डोक्यातल्या कोंड्यावरनं चिडवणाऱ्यांनी वाचावं!). म्याकलमध्ये मेका आहे, म्हणजे शेळी.

कन्नड आडनावं त्यामानानं सोपी, हिरेमठ म्हणजे मोठा मठ, शेट्टी आलं श्रेष्ठीवरनं, म्हणजे व्यापारी.

'कर'वाल्यांचं तर उघडच आहे. पण अक्कलकोटात राहून कोण कशाला अक्कलकोटकर म्हणवून घेईल, गाव सोडल्यावरच ते नाव चिकटतं, त्यामुळं अशा आडनावावरनं घराणं कुठनं निघालं तेवढं कळतं, कूळ कळत नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे हे तर हुद्दे, कुलकर्णी गावचा हिशेब ठेवणार आणि देशपांडे परगण्याचा. 1950 च्या कायद्यानं कुलकर्णी वतन गेलं, आडनाव राहिलं. म्हणून तर सोयरीक जुळवताना पाटलांना हमखास विचारतात, मूळचं आडनाव काय तुमचं?

ते मूळचं सापडायला नुसता शाळेचा दाखला पुरत नाही. माझ्या मते गावाकडं हेळवी येत असेल तर आधी त्याला धरा, नंदी घेऊन फिरणारे हे लोक पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ सांभाळतात, मूळपुरुष कोण, कुठल्या गावचा, सगळं सांगतात. नंतर जमिनीचे जुने कागद काढा, ते मोडी लिपीत असणार, तेव्हा वाचणारा माणूस आधीच बघून ठेवा.