आमसूल, चिंच आणि आंबटाचे पर्याय

आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, अंबाडा, बिंबल, चुका आणि ताक ही मराठी स्वयंपाकातली आंबटे. घरात एक नसले की दुसऱ्यावर भागवण्याची रीत जुनी आहे. ही अदलाबदल करताना आंबट किती घालावे यापेक्षा ते कधी घालावे हे जास्त महत्त्वाचे असते.

कोकणात आंबट म्हणजे आमसूल. गोव्यात त्यालाच सोल म्हणतात. उन्हाळ्यात रातांबे (गार्सिनिया इंडिका) पिकले की त्यांची साले त्याच फळांच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. या सालीत मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. देशावर मान चिंचेचा. तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. झाड मूळचे आफ्रिकेतले, पण अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असे नाव दिले.

तुरीच्या आमटीत दोन्ही चालतात. वाटीभर डाळीला साधारण ३-४ आमसुले किंवा छोट्या सुपारीएवढी चिंच पुरते. चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळावी आणि कोळ आमटीत चांगला उकळू द्यावा, नाहीतर कच्चट वास राहतो. आमसूल अखंडच टाकतात, तेही आमटी होत आल्यावर. फार उकळले तर तुरटपणा उतरतो. आमसुलाला बहुधा मीठ लावलेले असते, म्हणून मिठाचा हात आखडता ठेवावा. चिंचेला गूळ जास्त लागतो. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळावे. उकळलेल्या लिंबाचा वास उडतो, आणि लिंबात वासच निम्मी चव आहे. आंबट कोणतेही असो, डाळ शिजण्याआधी घालू नये: आम्लामुळे पेशींना सांधणारे पेक्टिन लवकर सुटत नाही आणि डाळ कणीदार राहते. बटाट्याचेही तेच.

अळूच्या फदफद्यात आंबट केवळ चवीसाठी नसते. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे. चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालून अळू शिजवले की खाज कमी होते, असा घरोघरचा अनुभव आहे. इथे वरून पिळलेले लिंबू उपयोगाचे नाही, आंबट भाजीबरोबर शिजावे लागते.

उन्हाळ्यात कोळंबीच्या कालवणात आमसुलाऐवजी कैरीच्या फोडी पडतात. याला नुसता पर्याय म्हणणे अन्यायाचे आहे. कैरीचा गर रसात विरघळून कालवणाला जो दाटपणा देतो तो आमसुलाला जमत नाही. टोमॅटोही दाटपणा देतो, पण त्याचे आंबट फारच सौम्य. बिंबल झणझणीत आंबट असते, मात्र त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते टाळावे.

परदेशातल्या मराठी घरांत चिंचेचा बाटलीतला घट्ट अर्क असतो. तो काळपट आणि कडक, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून चव घेत जावे.

सोलकढीत मात्र अदलाबदल नाही. आमसुले नसतील तर रातांब्याचे आगळ चालते, कारण ते त्याच फळाचे. चिंचेच्या कोळात नारळाचे दूध घातले तर तो गुलाबी रंगही येत नाही आणि ती चवही.