‘सर्वसाधारण’ म्हणजे पुरुषांची जागा नव्हे

नाशिक महानगरपालिकेच्या निवडणुकीत प्रभागांचे आरक्षण जाहीर झाले, की ‘महिलांना निम्म्या जागा मिळाल्या, उरलेल्या निम्म्या पुरुषांच्या’ असे बोलले जाते. हा समज चुकीचा आहे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण ५० टक्के केले. मात्र पुरुषांसाठी एकही जागा कोणत्याही कायद्याने राखलेली नाही. २०१७ मध्ये नाशिकमध्ये ३१ प्रभागांतून १२२ सदस्य निवडून द्यायचे होते. त्यांपैकी ६१ जागा महिलांच्या होत्या, पण हा आकडा किमान मर्यादा होता, कमाल नव्हे. ज्या जागेपुढे ‘महिला’ असा उल्लेख नसतो, तिथेही कोणतीही पात्र स्त्री अर्ज भरू शकते; त्याचप्रमाणे अनुसूचित जाती किंवा जमातीतील व्यक्तीही सर्वसाधारण जागेवरून लढू शकते. माझ्या मते खरा अडथळा उमेदवारीच्या वेळी येतो, कारण ‘तुमच्यासाठी वेगळी जागा आहे ना’ असे सांगून इच्छुक कार्यकर्तीला परत पाठवणे या गैरसमजामुळेच सोपे जाते. अशा वेळी तिने जागेच्या आरक्षणाची अधिसूचना दाखवावी. सर्वसाधारण जागेपुढे तिथे ‘पुरुष’ असा शब्द सापडणार नाही.