मेंदूचा व्यायाम लावण्याआधी हे वाचा

‘आई हल्ली फार विसरते, तिला मेंदूचे काहीतरी व्यायाम लावा.’ आम्ही ज्येष्ठांकडून मेंदूचा सराव करून घेतो; आम्हाला येणारे बरेचसे फोन असेच सुरू होतात. काही कोथरूडमधून, काही थेट न्यू जर्सीहून. फी घेण्याआधी फोनवर जे सांगतो, तेच इथे लिहून ठेवलं आहे.

सरावाने नक्की काय होतं?

ज्याचा सराव, ते सुधारतं. रोज सुडोकू सोडवणारे काका सुडोकूत तरबेज होतात; म्हणून चष्मा कुठे ठेवला ते आठवेलच असं नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये ‘ॲक्टिव्ह’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली. ६५ आणि त्यापुढच्या वयाचे २,८३२ लोक तीत होते. एका गटाला लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या, दुसऱ्याला तर्काचे प्रश्न (मालिकेत पुढे काय येईल, अशा धर्तीचे), तिसऱ्याला डोळ्यांसमोर आलेलं झटकन टिपायला. चौथ्या गटाला काहीच नाही. तासा-सव्वा तासाची जेमतेम दहा सत्रं. दहा वर्षांनी पाहिलं, तर तर्क आणि वेग या गटांचा फायदा टिकून होता, स्मरणशक्तीवाल्यांचा ओसरला होता. तरीही स्वयंपाक, हिशेब, औषधं यांसारखी कामं कमी जड जातात, असं तिन्ही गटांनी सांगितलं.

दहा सत्रांच्या मानाने हे कमी नाही. पण ‘डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळा’ असं आमच्या पत्रकावर कधीच दिसणार नाही. असल्या जाहिरातींपायी २०१६ मध्ये तिकडच्या एका ब्रेन-गेम कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले होते.

आधी कान, मग मेंदू

पुष्कळदा आजींना निरोप आठवत नाही, कारण तो त्यांना ऐकूच आलेला नसतो. म्हणून कान आणि डोळे तपासून घ्या. जीवनसत्त्व बी-१२ आणि थायरॉईडही. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास सापडते. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, घरच्यांना ओळखेना, तर आम्हाला नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं, असंही कारण निघतं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, रोजचे व्यवहार जमेनासे होणं, हेही आधी डॉक्टरांचंच काम.

आम्ही काय करतो

अडतं कुठे ते विचारतो आणि नेमक्या त्याच गोष्टीवर काम करतो. एका आजींचं दूध रोज उतू जायचं. त्यांना शब्दकोडी दिली नाहीत. गॅस पेटवला की सांडशी हातात, आणि गॅस बंद केल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही, एवढंच ठरवलं. दाराची बेल वाजली तरी सांडशी हातातच. हॉलमध्ये बसल्या की तीच आठवण करून देते. तिसऱ्या आठवड्यापासून दूध उतू जायचं थांबलं. सांडशी मात्र दोनदा शेजारच्या घरी जाऊन आली.

बाकी सत्रांत पावकी-निमकी, गावांच्या नावांच्या भेंड्या, मेंढीकोट, आणि वाण्याची यादी घरातल्या खोल्यांत ‘ठेवून’ आठवणं: साबण न्हाणीघरात, उदबत्ती देवघरात, तूरडाळ ओट्यावर. पत्त्यांना हसू नका. चार माणसं जमतात, चिडतात, हिशेब ठेवतात. एकट्याने मोबाइलवर खेळण्यापेक्षा आम्हाला ते बरं वाटतं. चालण्याचाही आग्रह धरतो. फिनलंडच्या ‘फिंगर’ चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं होतं. उरलेल्यांना नेहमीचा सल्ला. पहिल्यांचा निकाल सरस ठरला.

फी आणि पहिली भेट

फी महिन्याची, वर्षाचं पॅकेज नाही. तीन सत्रांत आई-बाबा कंटाळले तर थांबवू, उरलेले पैसे परत.

पहिल्या भेटीला चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू गोळ्यांचा डबा जवळ असू द्या. घरची मंडळी बसली तर चालेल, पण आम्ही आईंना विचारलं की उत्तर आईंनाच देऊ द्या. वेळ लागला तरी.