इंग्रजीतील अनिच्छादर्शक शब्दबंध

एखादी गोष्ट करण्याची इच्छा नाही हे सांगण्यासाठी इंग्रजीत रूढ झालेल्या शब्दजोड्या. शब्दाचा अर्थ त्याच्या नेहमीच्या सोबत्यांवरूनही कळतो, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात मांडला. अशा सोबतीला ‘कोलोकेशन’ म्हणतात.

अनिच्छा किती तीव्र आहे यापेक्षा कृती अखेर घडते की नाही, हा या शब्दबंधांतील महत्त्वाचा भेद होय. ‘अनविलिंग टू’ हा बहुधा नकारच असतो, तर ‘रिलक्टंट टू’ असे ज्याचे वर्णन होते तो पुष्कळदा आढेवेढे घेत का होईना, ते काम करतो. ‘रिलक्टंट हीरो’ हा मनाविरुद्ध झालेला, पण नायकच असतो. ‘अंडरस्टँडेबली रिलक्टंट’ (साहजिकच नाखूष) म्हणताना बोलणाऱ्याची सहानुभूती दिसते, ‘नोटोरियसली रिलक्टंट’ (नाखुशीसाठी कुप्रसिद्ध) म्हणताना टोमणा. ‘ग्रजिंग’ हे विशेषण ‘रिस्पेक्ट’, ‘अ‍ॅडमिरेशन’ अशा शब्दांपूर्वी येते. दुसऱ्याचा गुण नाकारता येत नाही, पण मान्य करणे जिवावर येते, अशी ती दाद असते. ‘लोथ टू’ (करायला अगदी नाखूष) हा प्रयोग आता बराचसा ग्रांथिक झाला आहे.

कायद्याच्या भाषेत या शब्दांना विशेष वजन येते. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात, स्वदेशाचे संरक्षण घेण्यास असमर्थ किंवा छळाच्या भीतीमुळे ‘अनविलिंग’ असणे हा निर्वासिताच्या व्याख्येचा भाग आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम संविधीतील कलम १७ मध्ये ‘अनविलिंग ऑर अनेबल’ (अनिच्छुक किंवा असमर्थ) ही जोडी तपास किंवा खटला चालवण्याच्या संदर्भात राज्यसंस्थेला लावलेली असून, राज्याची अनिच्छा ठरवताना आरोपीला पाठीशी घालणे, असमर्थनीय दिरंगाई आणि कार्यवाहीतील निःपक्षपातीपणाचा अभाव या गोष्टी पाहिल्या जातात. मनातील भाव येथे वर्तनावरून सिद्ध करावा लागतो.

बोलण्यात ‘आय वुड रादर नॉट’ हा सौम्य नकार चालतो आणि त्यासोबत कारण देणे सक्तीचे नसते. ‘ड्रॅग वन्स फीट’ म्हणजे मुद्दाम चालढकल करणे. हा आरोप असल्याने तो सहसा दुसऱ्यावर, विशेषतः सरकारांवर केला जातो. ‘अंडर प्रोटेस्ट’ या शब्दबंधात कृती पूर्ण होते, पण हरकत कायम राहते. भारतात सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २७ मधील परताव्याच्या अर्जाची एक वर्षाची मुदत अशा रीतीने हरकत नोंदवून भरलेल्या शुल्काला लागू होत नाही.