ओंटारिओत घरात गॅस फर्नेस बसवताय? लायसन्स, परमिट आणि कागदपत्रांची सगळी माहिती

ऑक्टोबर लागला की कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टनकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास मेसेज येतो, फर्नेस जुनी झालीय, बदलायचीय, कुणी चांगला माणूस आहे का. लगेच खाली नंबर पडायला लागतात, कुणाचा मित्र, कुणाच्या ऑफिसमधल्या पंजाबी भाऊंचा मेहुणा, "एकदम स्वस्तात करून देतो". पण त्या माणसाकडे लायसन्स आहे का हे कुणी विचारत नाही, आणि ओंटारिओत सगळी प्रक्रिया खरं तर तिथूनच सुरू होते.

आपल्याला सवय असते ती वेगळी. पुण्यात किंवा ठाण्यात पाइप गॅस घ्यायचा तर आपण फॉर्म भरतो, आधार, लाइट बिल, मालकीचा पुरावा जोडतो, म्हणजे कागद आपले तपासले जातात. इथे जुनी फर्नेस काढून नवीन बसवायला घरमालकाने भरायचा असा एखादा सरकारी अर्ज बहुतेक वेळा नसतोच. पात्रता लागते ती काम करणाऱ्याची, आणि ती आहे की नाही हे बघायचं काम आपल्या गळ्यात. (भारतातल्या वाचकांसाठी: फर्नेस म्हणजे बेसमेंटमधलं कपाटाएवढं मशीन, गॅस जाळून हवा गरम करतं आणि डक्टमधून घरभर सोडतं. उणे २० मध्ये ही बंद पडली तर नळाचे पाइपसुद्धा गोठून फुटतात.)

खाली लिहिलंय ते फक्त ओंटारिओचं आहे, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाचे (बीसी) नियम वेगळे, तिथल्या लोकांनी हे जसंच्या तसं धरू नका.

काम कोण करू शकतं

ओंटारिओत गॅसच्या कामावर टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी अथॉरिटीचं, म्हणजे टीएसएसएचं नियंत्रण असतं, सन २००० च्या कायद्याखाली. यांच्याकडे दोन गोष्टी असतात आणि लोक त्यांचा घोळ घालतात. एक, कंपनीचं रजिस्ट्रेशन, म्हणजे फ्युएल्स कॉन्ट्रॅक्टर म्हणून नोंदणी. दोन, प्रत्यक्ष पाना हातात घेणाऱ्या माणसाचं सर्टिफिकेट, ते जी१, जी२ किंवा जी३ असं असतं. दोन्ही पाहिजेत. कंपनी रजिस्टर्ड आहे पण आलेला पोरगा कालच कामाला लागलाय असं चालत नाही, आणि माणूस जी२ आहे पण वीकेंडला रोख पैशात एकटाच येतोय, कंपनी नाही, असंही चालत नाही.

जी२ वाल्याला तासाला ४,००,००० बीटीयूपर्यंतच्या (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) उपकरणांवर काम करता येतं, घरगुती फर्नेस साधारण ४०,००० ते १,२०,००० च्या मध्ये असते त्यामुळे जी२ पुरेसा आहे. जी३ हा शिकाऊच समजा, त्याने जी१ किंवा जी२ च्या देखरेखीखालीच काम करायचं असतं, एकटा जी३ आला तर विचारा की तुमचा वरचा कुठाय. सर्टिफिकेटचं कार्ड असतं, त्यावर एक्सपायरीची तारीख असते, दाखवा म्हटलं तर खरा टेक्निशियन बिलकुल रागावत नाही, रागावला तर तेच तुमचं उत्तर. कंपनीचं नाव टीएसएसएच्या वेबसाइटवर शोधता येतं.

फर्नेसबरोबर एसीसुद्धा बदलत असाल तर गॅसचं सर्टिफिकेट त्याला लागू पडत नाही, रेफ्रिजरंटच्या कामाला ३१३ए किंवा ३१३डी हा वेगळा ट्रेड, म्हणजे एसी मेकॅनिकचं सर्टिफिकेट, लागतो. आणि फर्नेससाठी नवीन वायरिंग, नवीन सर्किट ओढायचं असेल तर लायसन्सवाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आणि त्याने इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे दिलेलं नोटिफिकेशन, म्हणजे कामाची सूचना, लागते.

स्वतः बसवता येईल का? नाही. मुंबईत आपण मिक्सरपासून गीझरपर्यंत सगळं उघडून बसलेले असतो त्यामुळे हात शिवशिवतात, पण इथे गॅस लाइनला हात लावायला सर्टिफिकेट लागतं, घर स्वतःचं असलं तरी. फिल्टर बदला, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदला, बास.

परमिट लागतं का

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग. जुनी काढून त्याच जागी तशीच नवीन ठेवायची असेल तर बऱ्याच ठिकाणी बिल्डिंग परमिट मागत नाहीत, पण हे सिटीनुसार बदलतं, म्हणून तुमच्या सिटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला आधी एक फोन किंवा ईमेल करा, ईमेल बरा कारण उत्तर लेखी राहतं. नवीन डक्ट टाकायचेत, बेसमेंटमध्ये भाड्यासाठी वेगळं युनिट काढताय, किंवा इलेक्ट्रिक हीटिंगचं घर गॅसवर आणताय, तर मात्र परमिट लागणार हे धरून चाला. तेव्हा अर्जासोबत घराचे प्लॅन, हीट लॉसचं गणित (थंडीत घरातून किती उष्णता बाहेर जाते ते), डक्टचं डिझाइन आणि ते करणाऱ्या डिझायनरचा बीसीआयएन नंबर (त्याचा नोंदणी क्रमांक) असं सगळं जोडावं लागतं. घरात आधी गॅसच नसेल तर गॅस कंपनीकडे सर्व्हिस लाइन आणि मीटरसाठी वेगळा अर्ज असतो, आणि त्यात तुम्ही कोणकोणती उपकरणं लावणार, प्रत्येकाचे बीटीयू किती, हे विचारतात कारण मीटर त्यावर ठरतो.

काँडो टाउनहाऊसमध्ये (आपल्या सोसायटीसारखं) राहत असाल तर आधी बोर्डाची, म्हणजे कमिटीची, परवानगी. नवीन फर्नेसचा धुराचा पाइप बाहेरच्या भिंतीतून काढायचा असतो आणि ती भिंत तुमची नसते, कॉमन एलिमेंट, म्हणजे सगळ्यांची सामाईक, असते, काँडोमिनियम अ‍ॅक्टच्या कलम ९८ खाली करार करावा लागू शकतो. याला वेळ लागतो. थंडीत फर्नेस मेल्यावर बोर्डाची मीटिंग कधी आहे हे शोधत बसण्यापेक्षा उन्हाळ्यात पत्र टाकून ठेवा.

भाड्याने राहत असाल तर तुम्ही यातलं काहीच करायचं नाही, ते मालकाचं काम. ओंटारिओच्या नियमात १ सप्टेंबर ते १५ जूनपर्यंत घरात किमान २० डिग्री ठेवणं मालकावर बंधनकारक आहे (काही शहरांचे स्वतःचे नियम आहेत).

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

तीन ठिकाणची कोटेशनं घ्या हे सगळेच सांगतात, पण तीन कागदांवर नुसते तीन वेगळे आकडे आणि "हाय एफिशियन्सी फर्नेस" एवढंच लिहिलं असेल तर काय डोंबल कळणार. मेक आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. कॅनडात ३ जुलै २०१९ नंतर बनलेल्या साध्या घरगुती गॅस फर्नेसला किमान ९५ टक्के एएफयूई (जाळलेल्या गॅसमधली किती उष्णता वर्षभरात घराला मिळते त्याचं प्रमाण) लागते, त्यामुळे "आमची ९५ टक्क्यांची आहे" हे काही खास कौतुक नाही, ती कायद्याची पायरी आहे.

साइज कसा काढला ते विचारा. नीट पद्धत म्हणजे सीएसए एफ२८० या कॅनडातल्या मानकाप्रमाणे हीट लॉस काढणं, खिडक्या किती, इन्सुलेशन कसलं, बाहेरचं डिझाइन तापमान किती असं सगळं धरून. बरेच जण जुन्या फर्नेसचं स्टिकर बघतात आणि तेवढीच किंवा "थोडी मोठी" टाकून देतात, आणि आपणही खूश होतो की तेवढ्याच पैशात मोठी मिळाली. मोठी फर्नेस भसकन पेटते, पाच मिनिटांत थर्मोस्टॅट गाठते, बंद होते, परत पेटते, खालचा मजला तापतो आणि वरची कोपऱ्यातली बेडरूम गारच राहते, शिवाय मशीन लवकर झिजतं ते वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोटेशनमध्ये हमखास गायब असतं. जुन्या घरात जुनी फर्नेस आणि गरम पाण्याची टाकी दोन्हींचा धूर एकाच चिमणीतून वर जात असतो. नवीन ९५ टक्केवाली फर्नेस चिमणी वापरत नाही, तिचा धूर इतका थंड आणि ओला असतो की तो प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर काढतात. मग चिमणीत राहते एकटी पाण्याची टाकी. दोघांसाठी बांधलेली चिमणी एकटीला मोठी पडते, तापत नाही, ओढ बसत नाही, आतमध्ये पाणी धरतं, आणि वाईट दिवशी टाकीचा धूर उलटा बेसमेंटमध्ये उतरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही. म्हणजे नवी कोरी फर्नेस एकदम बरोबर बसवली तरी शेजारच्या जुन्या टाकीमुळे घर धोकादायक होऊ शकतं. म्हणून सरळ विचारा: माझी पाण्याची टाकी चिमणीवर आहे का, असेल तर लायनर (चिमणीच्या आत घालायची लहान नळी) टाकणार का, त्याचे पैसे या कोटेशनमध्ये आहेत का?

प्लास्टिकचा पाइप म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातला कुठलाही पांढरा पीव्हीसी नाही हं. त्यावर यूएलसी एस६३६ असं छापलेलं पाहिजे, आणि पाइप, जोड, सिमेंट सगळं एकाच कंपनीच्या सिस्टिममधलं. बाहेर तोंड जिथे निघतं तिथे ते अपेक्षित बर्फाच्या पातळीच्या निदान १२ इंच वर हवं, आणि खिडकी-दारापासून १,००,००० बीटीयूपर्यंतच्या फर्नेसला १२ इंच, त्याहून मोठीला ३६ इंच अंतर. हे तुम्ही स्वतः टेप लावून बघू शकता, त्याला लायसन्स लागत नाही.

बसवण्याच्या दिवशी

घरी थांबा. पाइप जोडून झाल्यावर गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं पाहिजे. मग मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून गॅस व्हॉल्व्हचं प्रेशर सेट करायचं असतं, नॅचरल गॅसला ते साधारण ३.५ इंच वॉटर कॉलम (गॅसचा दाब मोजायचं एकक) असतं, नेमका आकडा फर्नेसच्या प्लेटवर लिहिलेला असतो. जाणारी हवा आणि येणारी हवा यांच्यातला तापमानाचा फरकही त्याच प्लेटवर दिलेल्या मर्यादेत बसायला हवा. फर्नेस पेटली, गरम हवा आली, चला बाय, असं म्हणून अर्ध्या तासात निघाला तर हे आकडे त्याने घेतलेच नाहीत. "रीडिंग जरा कागदावर लिहून द्या" एवढं वाक्य पुरतं. गावाकडच्या भागात प्रोपेनवर घर असेल तर कन्व्हर्जन किट बसवलं का तेही लिहून घ्या, प्रेशर वेगळं असतं.

कार्बन मोनॉक्साइड अलार्म: १ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओच्या फायर कोडनुसार गॅसचं उपकरण, फायरप्लेस किंवा जोडलेलं गॅरेज असलेल्या घरात झोपायच्या जागेजवळ तर हवाच, शिवाय प्रत्येक मजल्यावर हवा. वुडस्टॉकमध्ये २००८ साली हॉकिन्स कुटुंबातले आईवडील आणि दोन्ही मुलं फायरप्लेसचं व्हेंट तुंबल्याने कार्बन मोनॉक्साइडने गेले, घरात अलार्म नव्हता, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला.

दारावर येणारे

आयडी कार्ड गळ्यात, हातात टॅब्लेट, "आम्ही एनर्जी इन्स्पेक्शनला आलोय, फर्नेस दाखवा". आत घेऊ नका. १ मार्च २०१८ पासून ओंटारिओत तुम्ही आधी स्वतः बोलावलेलं नसताना दारावर येऊन फर्नेस, एसी, वॉटर हीटरचे करार करायला बंदी आहे. तुम्ही बोलावून घरी सही केली असेल तरी कराराची प्रत हातात आल्यापासून १० दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. भाड्याच्या फर्नेसपासून तर मी लांबच राहायला सांगेन, महिन्याचा आकडा छोटा दिसतो आणि दहा वर्षांची बेरीज कुणी करत नाही. पूर्वी या कंपन्या घराच्या टायटलवर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) नोसी नावाची, म्हणजे या वस्तूवर आमचा हक्क आहे अशी, नोंद टाकून ठेवायच्या आणि घर विकताना हजारो डॉलर मागायच्या, जून २०२४ च्या कायद्याने घरगुती वस्तूंसाठी ते बंद झालं, पण भाड्याचा करार मात्र अजूनही करारच असतो, म्हणून रीसेलचं घर घेताना फर्नेस भाड्याची आहे का ते ऑफर टाकायच्या आधी वकिलाला विचारा.

कोणते कागद जपून ठेवायचे

कंपनीचं नाव आणि टीएसएसए रजिस्ट्रेशन नंबर असलेलं इन्व्हॉइस, टेक्निशियनचं नाव आणि सर्टिफिकेट नंबर, फर्नेसचा मॉडेल व सिरियल नंबर, ती रीडिंग, परमिट असेल तर त्याचा फायनल इन्स्पेक्शन रिपोर्ट. वॉरंटीचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन स्वतः करा, बऱ्याच कंपन्या ६० किंवा ९० दिवसांची मुदत देतात आणि ती चुकली की पार्ट्सची वॉरंटी १० वर्षांवरून ५ वर येते. कॉन्ट्रॅक्टर "करतो" म्हणतो आणि विसरतो. इन्शुरन्स कंपनीलाही नवीन फर्नेसचं कळवून टाका.

आणि कधी कुणी टेक्निशियनने तुमच्या उपकरणावर धोक्याची सूचना देणारा टॅग लावला तर घाबरून तो काढून टाकू नका. ए टॅग म्हणजे धोका आत्ताचा आहे, गॅस लगेच बंद. बी टॅग म्हणजे दुरुस्तीला मुदत आहे, तारीख टॅगवरच लिहिलेली असते आणि गॅस कंपनीलाही कळवलेलं असतं. टॅग लावणाऱ्यानेच लगेच "नवीन फर्नेस घ्या, आजच सही करा" म्हटलं तर दुसऱ्या रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टरकडून एकदा तपासून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, तोवर ए टॅग असेल तर इलेक्ट्रिक हीटरवर काढा. लायसन्स नसलेल्याने काम केलंय असं नंतर लक्षात आलं तर तक्रार टीएसएसएकडे करता येते, इन्व्हॉइस आणि फोटो लागतात, रोखीत बिनपावतीचं काम असेल तर त्यांच्यासमोर ठेवायला फारसं काही उरत नाही.