ओडिनच्या महालात कवटीतून मद्य?
नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन देवांचा प्रमुख ओडिन याच्या वल्हाला या महालात वीरगती मिळालेले योद्धे शत्रूंच्या कवट्यांतून मद्य पितात, ही समजूत शतकानुशतके सांगितली जाते. तिचे मूळ मात्र चुकलेल्या अनुवादात आहे. ‘क्राकुमाल’ या जुन्या काव्यात मरणाच्या दारात असलेला दंतकथेतला व्हायकिंग वीर राग्नार म्हणतो, की आपण लवकरच ‘कवट्यांच्या वाकड्या फांद्यां’तून बिअर पिऊ. कवटीवर उगवलेली वाकडी फांदी म्हणजे जनावराचे शिंग, आणि वस्तूचे नाव असे कोड्यात घालून सांगणे हा त्या कवींचा आवडता अलंकार होता. १६३६ साली डेन्मार्कचे वैद्य व विद्वान ओले वोर्म यांनी प्रसिद्ध केलेल्या लॅटिन अनुवादात या फांद्यांच्या जागी ‘ठार केलेल्यांच्या कवट्या’ आल्या आणि युरोपभर तेच रूढ झाले. हा त्या कवीवर अन्यायच आहे. जुन्या काव्यांतला वल्हाला कितीतरी वेगळा आहे: झाडाचा पाला खाणाऱ्या हेइड्रून नावाच्या शेळीच्या आचळांतून तिथे मधाचे मद्य वाहते, वाल्किरी या ओडिनच्या सेविका ते योद्ध्यांना वाढतात, आणि स्वतः केवळ वाइनवर राहणारा ओडिन आपल्या पुढ्यातले मांस गेरी व फ्रेकी या दोन लांडग्यांना घालतो.