ययातीतल्या नवताऱ्याचं कवच

हिवाळ्यातल्या रात्री उत्तरेकडे पाहिलं की शर्मिष्ठा हा तारकासमूह चटकन सापडतो. तिथून कृत्तिकांकडे नजर नेताना वाटेत ययाती हा दुसरा तारकासमूह लागतो. फेब्रुवारी 1901 मध्ये एडिंबराच्या थॉमस अँडरसन या हौशी निरीक्षकाला याच ययातीत एक अनोळखी तारा दिसला. दोनच दिवसांत तो जवळपास अभिजित या तेजस्वी ताऱ्याच्या तोडीने तळपू लागला. मग मंदावत गेला आणि नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. हा जीके पर्सेई.

तारा तसा नवा नव्हताच. तिथे एक श्वेतबटू, म्हणजे मृत ताऱ्याचा घट्ट गाभा, आणि त्याचा सोबती तारा दोन दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. सोबत्याकडून ओढलेला हायड्रोजन श्वेतबटूवर साचत जातो. थराच्या तळाशी दाब आणि तापमान वाढत राहतं आणि एका क्षणी अणुसंमीलन, म्हणजे अणुकेंद्रकं एकत्र जुळण्याची क्रिया, भडकतं. वरचा थर उधळला जातो, श्वेतबटू मात्र शाबूत राहतो. अशा स्फोटालाच नवतारा म्हणतात.

उधळलेला वायू आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळतो, आघात तरंग उठतो आणि तिथला वायू सुमारे 10 लाख अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. इतका तापलेला वायू क्ष-किरणांत झळकतो. आपलं वातावरण हे किरण अडवतं, म्हणून ते टिपायला दुर्बीण अवकाशातच हवी. ‘चंद्रा’ ही तशी दुर्बीण. श्वेतबटूच्या वस्तुमानाची मर्यादा सांगणाऱ्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचंच नाव तिला आहे, हे मला फार समर्पक वाटतं.

चंद्राने उधळलेल्या वायूचं हे कवच 2000 मध्ये पाहिलं आणि पुन्हा 2013 मध्ये. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर कडा बाहेर सरकलेली दिसते. किती? जेमतेम दोन विकला. एका अंशाचे 3600 भाग केले तर त्यातले दोन. पण हे सगळं सुमारे 1,500 प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे या दोन विकला म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या 900 पटींहून जास्त! वेग ताशी सुमारे 11 लाख किलोमीटर. अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे त्याहून कितीतरी मोठ्या तारकास्फोटांच्या, अवशेषांत जे बदल व्हायला शतकानुशतकं लागतात, तसे बदल इथे एका माणसाच्या हयातीत पाहता येतात.

खरं कोडं मात्र वेगळंच होतं. त्या 13 वर्षांत कवचाची क्ष-किरणांतली चमक सुमारे 40 टक्क्यांनी घटली, तापमान मात्र तेवढंच राहिलं. वाटेत भरपूर वायू लागला असता, तर तो तापवण्यात ऊर्जा वाटली गेली असती आणि तापमान उतरलं असतं. ते उतरलं नाही. म्हणजे तरंगाला वाटेत नवा वायू जवळजवळ मिळालाच नाही. दाट भाग मागे टाकून तो विरळ जागेत शिरला असावा.

कवच सगळीकडे सारखं नाही. नैर्ऋत्येची बाजू जास्त उजळ आहे. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही या अवशेषाच्या रेडिओ लहरी टिपल्या आहेत. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना अशा लहरी सोडतात. त्यांना तो वेग दिला तोही याच आघात तरंगाने.